गवताचं पाणी

—नाही, नाही, भाऊ, त्या टबातलं नका घेऊ. हात धुवायचे ना? नळ तिकडे आहे, कोपऱ्यात, ऐरणीच्या मागे — हां, तोच, जरा हळू सोडा, नाहीतर अंगावर उडतं. टबातलं ते चहासारखं दिसतं, पण ते गवताचं पाणी आहे, सुकं गवत भिजत घातलंय त्यात. आणि ओतूही नका, राहू द्या तसंच. पायात येत असेल तर मी सरकवते. नाही, जड आहे, तुम्ही नका, तुम्ही बसा. त्या ओंडक्यावर बसा, दादाची गिऱ्हाइकं बसायची पूर्वी त्यावर, आता कोणी बसत नाही, पण ओंडका मजबूत आहे. चहा घ्या. साखर कमी वाटली तर सांगा — या घरात साखरेला माझा हात आखडायलाच लागलाय, माणसांच्या चहातही कमी पडते.

दादा येईलच. माझा मोठा भाऊ. आत शर्ट बदलतोय. तुम्ही येणार म्हणून सकाळी दाढी केली, अर्धी राहिली होती, मग पुन्हा बसला. बटणांना वेळ लागतो त्याला, आणि मी लावून दिलेली चालत नाहीत, म्हणून म्हणते, तो बाहेर यायच्या आत एवढं बोलून घेते. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय ना, घोडा कुठे न्यायचा आणि — हो. तेच. येताना गाडी रिकामी. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे. दादाला माहीत नाही. त्याला वाटतंय, मोठ्या दवाखान्यात नेताय, तिथे पायाला काहीतरी लावतील, औषध देतील, आणि थंडी संपली की घोडा या फाटकातून परत आत येईल. मीच सांगितलंय तसं. तुम्ही फक्त नाही म्हणू नका. तो विचारेल, कधी आणणार — तर म्हणा, डॉक्टर कळवतील. आणि विचारेल, मी येऊ का बरोबर. तेव्हा म्हणा, जागा नाही. मला दिसतंय हो, पुढे दोन माणसं आरामात बसतात. म्हणूनच म्हणते, ती दोरखंडं आणि ती पेटी त्या सीटवर ठेवा. ठेवता का? आत्ताच ठेवा ना. — हां. आणि ते पोतं पण. झालं. आता खरंच जागा नाही.

तो बघा, भिंतीला टेकून उभा आहे तो. साहेब म्हणतो आम्ही त्याला. ज्या गाडीवानाचा होता त्यानेच ठेवलेलं नाव — बाकीचे घोडे सकाळी उठून तयार, आणि हा आपला बसलेला, डोळे मिटून. गाडीवान विचारायचा, साहेब, येताय का आज कामावर? तेच चिकटलं. दुकानांना माल पोचवायची गाडी होती ती. मग छोटे ट्रक आले, गाडीवान म्हातारा झाला, मुलाकडे राहायला गेला, तिसऱ्या मजल्यावर. तिथे काय घोडा न्यायचा? जाताना दादाला म्हणाला, याला पहिला नाल तूच ठोकलास, आता तूच ठेव. दादाने मला एका शब्दाने विचारलं नाही. संध्याकाळी मी कपडे काढायला बाहेर येते तर दोरीखालून हा माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, अरे, घरात आपण दोन माणसं, त्यात हा एवढा पाहुणा. तर म्हणतो, पाहुणा कुठला, हा साहेब आहे, पाहुणे आपण. हसू नका मोठ्याने, त्याने कान टवकारले बघा, कोणी हसलं की त्याला वाटतं काहीतरी खायला मिळणार.

पाय बघितलेत त्याचे? पुढचे दोन्ही असे लांब टाकतो आणि सगळा भार मागे. जणू तापलेल्या फरशीवर उभा केलाय. तसाच उभा असतो, दिवसभर. सकाळी डॉक्टर सुई देऊन गेले म्हणून आज जरा तरी बरा, फळीवरून चढेल म्हणाले, सावकाश चढवा. ओढू नका हं. तो ओढला तरी येईल, तसा आहेच तो, पण ओढू नका.

दादा नालबंद. म्हणजे घोड्यांना नाल ठोकायचा. आयुष्यभर हेच केलं, दुसरं काही नाही. या आवारात म्हणे रांग लागायची, मी तेव्हा माझ्या घरी होते. वहिनी गेली, तिकडे माझंही घर रिकामं झालं होतं, म्हणून इकडे आले. मी आले तेव्हाही अधूनमधून कोणी यायचं. तुम्ही त्याला काम करताना बघायला हवं होतं. घोड्याचा पाय उचलून मांड्यांत धरायचा, खिळे ओठांत, आणि ठक ठक — मी आत कणीक मळताना नुसत्या आवाजावरून सांगायची, झाला शेवटचा खिळा, आता चहा टाकावा. मग हात कापायला लागले. आधी कपबशी वाजायची. मग चमचा. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मी बाजारातून मोठे कप आणले, अर्धेच भरायला लागले, आणि त्यानेही विचारलं नाही, कप एवढाले का. आमच्याकडे असंच आहे — एकाने बघायचं आणि दुसऱ्याला दाखवायचं की मी काही बघितलं नाही. आईबाबांचंही तसंच होतं. भांडण म्हणून कधी झालं नाही आमच्या घरात. आता वाटतं, झालं असतं तर काय बिघडलं असतं.

तर एक दिवस साहेबाला नाल ठोकताना खिळा आत गेला. जिवंत भागात. घोड्याने लाथ मारली असती ना, तर बरं झालं असतं, दादा चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. नाही मारली. मान वळवून नुसतं बघितलं दादाकडे. दादाने हातोडी खाली ठेवली. ती काय, तिथेच आहे, ऐरणीवर, गंजलीय. मी उचलून आत ठेवत नाही, तोही ठेवत नाही. दुसरा नालबंद शोधला नाही असं नाही, पण आता कोण उरलंय, एक होता तो गाड्यांचे टायर बदलतो. तेव्हा डॉक्टर म्हणाले, काढून टाका नाल. आता याला काही ओढायचं नाही, राहू दे अनवाणी. खूर म्हणजे नखच, वरून नवं येतं, वर्षभरात सगळा खूर नवा होतो. चांगला राहील, म्हणाले — फक्त खाणं सांभाळावं लागेल.

मला वाटलं, खाण्याचं एवढं काय? सासूबाईंचं पथ्य सांभाळलं, नवऱ्याचं सांभाळलं, हा तर घोडा. पण डॉक्टर सांगायला लागले आणि मी बघतच राहिले. खूर पोटातून येतो म्हणे. खुराच्या आत हाड असतं, खुराने ते सगळीकडून घट्ट धरलेलं असतं, आणि पोटात साखर जास्त गेली की ती पकड सुटायला लागते. तळवा हुळहुळतो. नाल असला की पाय वर राहतो, दगड लागत नाही, म्हणून कळत नाही, तो निघाला की सगळं भोगावं लागतं. म्हणून धान्य बंद. मळी लावलेलं ते पोत्यातलं खाद्य बंद. पाव नाही, गाजर नाही, सफरचंदाची सालसुद्धा नाही. कुरणात सोडायचं नाही, दुपारी तर नाहीच, कारण उन्हात गवतात साखर भरते. आणि थंडीत सकाळी गवत गारठलेलं असतं तेव्हाही असते. मी म्हटलं, डॉक्टर, मग नसते तरी कधी? तेव्हा म्हणाले, सुकं गवत पाण्यात भिजवा. साखर पाण्यात उतरते. पाणी टाकून द्या, गवत निथळून घाला. वर मूठभर जवस, मीठ, आणि ती तांबं-जस्त असलेली पूड, खूर घट्ट यायला. ती पूड त्याला आवडायची नाही. ओठांनी बाजूला सारून घमेल्याच्या कडेला ढीग करून ठेवायचा, लहान मुलं भाजीतल्या मिरच्या काढून ठेवतात ना, तसा.

मी केलं सगळं. रोज. गवत तोलायचं, जाळीत भरायचं, टबात बुडवायचं, वर दगड ठेवायचा, नाहीतर तरंगतं. मग उचलून त्या आकड्याला टांगायचं, पाणी गळेपर्यंत. थंडीत बोटं अशी लाल व्हायची, कंबर धरायची, पण मला बरं वाटायचं, खरं सांगते. इतक्या दिवसांनी कोणाच्या तरी खाण्यापिण्यावर काहीतरी अवलंबून होतं. दादा आपला ओंडक्यावर बसून बघायचा. हसायचा. म्हणायचा, खूर बाहेरून सांभाळायचा असतो, कानस नि हातोडी, पायाचा आणि पोटाचा काय संबंध? मी म्हटलं, अरे, गवतात साखर असते, ती या पाण्यात निघून जाते. तो टबाकडे बघत राहिला आणि म्हणाला, मग उद्यापासून आपल्या चहात हेच घाल. फार हसलो तेव्हा आम्ही. आणि मी तिथेच थांबले बघा. साखर काढायची कशाला, ती पायाला काय करते, हे सांगितलंच नाही. ते सांगायचं म्हणजे नाल का काढले तिथपासून सुरुवात. आणि नाल का काढले, म्हणजे हात. म्हणून म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. एवढंच. त्याने मान हलवली. त्याला काय वाटलं असेल ते मला आता कळतं. त्याला वाटलं, आधी या बिचाऱ्याच्या पायातलं काढून घेतलं, आता तोंडातलं गोडही काढून घेतायत.

थंड होतोय चहा. प्या.

सुरुवातीला चांगलं चाललं होतं हो. दगडांवर जरा लंगडायचा, मऊ मातीत बरा असायचा. वरून नवा खूर यायला लागला, दादा रोज वाकून बघायचा, बोट फिरवायचा, म्हणायचा, आलं बघ करंगळीएवढं. मग त्या नव्या खुरावर वळ्या दिसायला लागल्या. ओल्या वाळूवर पाण्याच्या खुणा असतात, तशा, एकाखाली एक. डॉक्टर म्हणाले, खाण्यात काहीतरी चुकतंय. मी म्हटलं, काही चुकत नाही. मग खूर गरम लागायला लागले. खुराच्या वर, मागे, तिथे बोटं ठेवली की नाडीचा ठोका लागतो, बरा असला की लागत नाही म्हणतात नीट, दुखत असला की धडधड लागतो. दादाने बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग उठला, म्हणाला, तू बघ गं, मला कळत नाही, माझाच हात हलतोय का याचं काय ते. तोवर एवढंच एकदा बोलला होता तो हातांबद्दल. मी ठेवली बोटं. मला कळलं. मी म्हटलं, थोडासा आहे, फार नाही.

मग मी शोधायला लागले, कोण देतंय. काहीतरी गोड जातंय पोटात, एवढं नक्की होतं. आता पलीकडे बेकरी, वास येतोय ना तुम्हाला? बेकरीवाल्याची बायको, स्वभावाने चांगली, भिंतीवरून गप्पा मारायची, पाववाली ताई म्हणायचे मी तिला. मला वाटलं, हीच. उरलेले पाव टाकत असणार भिंतीवरून. मी गेले आणि तिच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, नाही नाही ते बोलले. मी मोठ्याने बोलत नाही कधी, पण त्या दिवशी बोलले. तिने शपथ घेतली तर म्हटलं, शपथा खाऊन पाय बरे होत नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद. ती भिंतीपाशी येत नाही आणि आम्ही पाव लांबच्या दुकानातून आणतो. आता माफी मागायची म्हटलं तर सांगावं लागेल ना, की तू नव्हतीस तर मग कोण होतं. तेही राहिलं.

शर्टांवरून कळलं शेवटी. दादाच्या बाह्यांना डाग असायचे, तपकिरी, मनगटापासून पार कोपरापर्यंत. मी रोज घासायची आणि मनात म्हणायची, चहा सांडतोय आता फारच, कप अजून कमी भरायला हवा. तसा भरायलाही लागले. घोटभर चहा, त्या एवढ्या मोठ्या कपाच्या तळाशी — तोही निमूट प्यायचा. डाग तसेच. एकदा शर्ट नाकाशी धरला तर चहाचा वास नाही. गवताचा. तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही, म्हटलं, घोड्यापाशी असतो, लागत असेल. मग एकदा दुपारी डोळा लागला नाही म्हणून उठले, स्वयंपाकघराच्या खिडकीत आले. तर दादा. टबातलं पाणी डब्यात घेतलेलं, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, दोन पावलं टाकतोय, थांबतोय, पाणी हिंदकळायचं राहिलं की पुन्हा दोन पावलं. नवीन चालायला लागलेल्या मुलासारखा. त्याने ते घोड्याच्या पिण्याच्या हौदात ओतलं. मग एक बोट बुडवलं, स्वतः चाखलं. आणि साहेबाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "घे. तिने काढून ठेवलं तुझं, मी परत आणलं."

घोडा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. आणि मी डॉक्टरांना सांगत होते, पाणी अगदी भरपूर पितो हो, त्याची काळजी नाही.

नाही, बोलायचं होतं मला. खिडकीतून हाक मारायला तोंड उघडलंसुद्धा. पण भाऊ, त्याचा चेहरा — किती दिवसांनी तो असा दिसत होता. काम नीट झालं की पूर्वी दिसायचा ना, खिळे संपल्यावर, घोड्याचा पाय खाली ठेवताना, तसा. आता तो बसल्या बसल्या काय म्हणतो माहीत आहे? म्हणतो, हे सगळं नाल काढल्याने झालं. माझे हात धड असते तर याचे पाय धड असते. रोज म्हणतो. जेवताना म्हणतो. आणि ते खरं नाही. नाल काढल्याने काही झालं नाही, मला माहीत आहे, डॉक्टरही म्हणाले, नाल काढणं बरोबर होतं. मी त्याला एका वाक्यात मोकळं करू शकते — दादा, तुझ्या हातांमुळे नाही झालं. पण लगेच विचारेल, मग कशामुळे? त्याला काय सांगू? हातांमुळे नाही, तू रोज प्रेमाने नेऊन पाजलंस त्यामुळे? हात तर म्हातारपणाने गेले, त्यात त्याचा काय दोष. पण हे तर त्याने मनापासून केलं. ते नाही सोसणार त्याला. म्हणून जे खरं नाही तेच त्याच्या डोक्यावर राहू दिलंय मी. त्यातल्या त्यात ते हलकं आहे. आहे ना? मला तसं वाटलं. दुसरं काही सुचलंही नाही.

मी मग पाणी ओतायला लागले, तो दुपारी उठायच्या आत. म्हटलं, डास होतात. तो म्हणाला, थंडीत कुठले डास? मी म्हटलं, वास येतो. तो रिकाम्या टबापाशी येऊन उभा राहायचा नुसता, आणि परत आत जाऊन पडायचा. जेवण कमी झालं त्याचं. पण साहेबाचे खूर जरा गार झाले. मला वाटलं, निभावलं. वर्ष काढू, नवा खूर येईल, कोणाला काही कळणार नाही. मग एक दिवस साहेब बसला तो किती वेळ उठेचना. डॉक्टरांनी पायाचे फोटो काढले, उजेडासमोर धरून मला दाखवले. हाड खाली कललंय. टोक तळव्यातून बाहेर यायला आलंय. मी विचारलं, आता खाणं अजून कडक केलं तर? ते म्हणाले, ताई, आता खाण्याने काही होणार नाही. मला म्हणाले, कारण काही सापडलं का? मी म्हटलं, नाही.

आणि तुम्हाला म्हणून सांगते — डॉक्टर इथेच करणार होते. त्याला हलवू नका म्हणत होते, हा रस्ता त्याला सोसायचा नाही, प्रत्येक धक्का त्या हाडावर बसेल, इथेच सुई देतो, आपल्या जागेवर शांत जाईल. मीच हात जोडले. म्हटलं, इथे नको, भावासमोर नको. त्यांना पटलं नाही. रागावलेच जरा. मग ही दुखण्याची सुई दिली, वाटेपुरती. तेवढी पुरेल म्हणालेत. तुम्ही हळू चालवाल ना? तो रेल्वेच्या फाटकापाशी रस्ता फार खराब आहे. तिथे अगदी हळू. तो ओरडणार नाही, त्यामुळे तुम्हाला कळायचं नाही. तो कधीच नाही ओरडत, हेच तर —

असो. मला कुठे येतंय एवढं बोलायला. तुम्ही गप्प बसून ऐकता म्हणून. दिवसभर कोणी बोलायला नसतं. आता तर गवतही भिजवायचं नाही उद्यापासून. कंबरेला आराम. दादा सकाळी उठून काय करेल, ते मात्र — फाटकाकडे बघत बसेल. थंडी संपेपर्यंत बघेल. मग विचारेल. मग मला दुसरं काहीतरी सांगावं लागेल, मग तिसरं. येईल मला. एकदा सुरुवात केली की येतं.

आज कशाला भिजवलं म्हणता? नसतं भिजवलं तर त्याला कळलं असतं. डॉक्टरांनी तो फोटो दाखवला ना, त्या दिवसापासून मी पाणी ओतत नाही. ठेवते तसंच. झोपल्याचं सोंग घेते आणि त्याची पावलं ऐकते — दोन टाकतो, थांबतो, दोन टाकतो. आता काय व्हायचं राहिलंय? जेवायला लागलाय पुन्हा बरा. म्हणूनच मघाशी म्हटलं तुम्हाला, राहू द्या ते —

आला. काही बोलू नका आता.

ये दादा. काही नाही, हे विचारत होते साहेबाचं वय काय. — चांगला दिसतो हा शर्ट. कॉलर जरा — नाही, राहू दे, ठीक आहे, छान आहे. अरे, ते म्हणतायत पुढे जागा नाही. मीही विचारलं, पण बघ ना किती सामान भरलंय. — हो, डॉक्टर कळवणार आहेत. कळवतील की. — डबा कशाला आणलास? रस्त्यासाठी? रस्त्यासाठी काय? — अरे, त्यात कुठे हात घालतोस, बाही भिजेल. बरं, भर. दोन्ही हातांनी धर. — काय म्हणालास?

रोज?

माझ्या नकळत? — नाही. नाही दादा, मला नाही कळलं. खरंच. मी झोपलेली असायची ना दुपारी. ऐकलंत का भाऊ, हा म्हणतो, मी रोज काढून ठेवायची आणि हा रोज परत नेऊन द्यायचा त्याला. — हसतोय बघा कसा. नाही रे, रागावले नाही. कशाला रागावू? आवडत असेल त्याला. — हो, तूच जगवलंस त्याला. हो.

घ्या भाऊ, डबा घ्या. झाकण घट्ट बसवा. वाटेत थांबून पाजतील ते, दादा. पाजाल ना? — आत्ता? इथेच थोडं? पाज की. त्यांना घाई नाही, काढा हो ते झाकण. थोडं कशाला, सगळं पाज. टबात आहे अजून, मी आणते भरून. दादा, सावकाश. हां. बघ कसा पितोय. कान बघ त्याचे.

फळी लावा, भाऊ. — लावा ना. माझ्याकडे बघू नका, फळी लावा.